कानापुढचा सांधा

मराठीत शरीरातल्या बहुतेक सांध्यांना घरगुती नाव आहे. गुडघा, घोटा, कोपर, मनगट, खांदा, खुबा, बोटाचे पेर. ‘गुडघा धरला’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला दुखण्याची जागाही कळते आणि त्याची जातही कळते. खालचा जबडा कवटीला जिथे जोडलेला आहे, त्या सांध्याला मात्र आपल्या बोलीत नाव नाही. त्या भागाला आपण कानशील म्हणतो, कानफट म्हणतो. तिथे कुणाला लगावता येते. पण तिथे गुडघ्यासारखाच झिजणारा, सुजणारा, आखडणारा एक सांधा आहे, याची भाषेने दखल घेतलेली नाही.

नाव नसलेल्या जागेचे दुखणे शेजारच्या नावावर खपते. या सांध्याला संधिवात झालेला माणूस म्हणतो, ‘दाढ दुखते’, ‘कान ठणकतो’, ‘अर्धे डोके उठले’. मग तो दातांच्या, कानांच्या, डोक्याच्या डॉक्टरांकडे जातो. आपापल्या जागी कुणीच खोटे बोलत नाही. तरी दुखणे जिथे आहे तिथे बोट ठेवायला कधी कधी वर्षे लागतात. प्रौढांमधल्या या दुखण्याविषयी मिळेल ते वाचत आणि ज्यांना ते आहे त्यांना विचारत मी बरीच वर्षे काढली. वैद्यकाची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून पुढचे लेखन औषधाची चिठ्ठी म्हणून वाचू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपले दुखणे नेमके सांगता यावे, एवढ्यासाठी ते आहे.

नाव होते, ते हरवले

संस्कृतात या सांध्याला नाव होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात शरीरातले २१० सांधे मोजले आहेत आणि आकारावरून त्यांचे आठ प्रकार केले आहेत. त्यातला एक प्रकार ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा. आणि तो जबड्याच्या दोन्ही बाजूंना असतो, असे तिथे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात ‘हनुसंधी’ हा शब्द सरळच येतो. तो निखळला तर आधी शेकावे, मग हाडे जागेवर बसवावीत आणि पाच टोकांच्या पट्टीने बांधावे, अशी कृती दिली आहे. निखळलेला जबडा बसवण्याची रीत इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरस या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखातही आहे. म्हणजे हा सांधा जुन्या जगाला चांगला ठाऊक होता.

‘हनू’ म्हणजे जबडा. वाल्मीकींच्या रामायणात इंद्राच्या वज्राने मारुतीचा डावा जबडा भंगतो आणि त्यावरूनच त्याला हनुमान म्हणतात. आपल्याकडे वेशीवर मारुती नाही असे गाव शोधावे लागेल. पण त्याच्या नावात एका दुखावलेल्या जबड्याची गोष्ट आहे, हे नमस्कार करताना कुणाच्या मनात येत नाही. मराठीत त्या ‘हनू’ची ‘हनुवटी’ झाली, आणि ती सरकत सरकत पुढे टोकाला जाऊन बसली. मागचा सांधा निनावी राहिला.

माधवनिदान या सातव्या-आठव्या शतकातल्या ग्रंथात दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत. वातव्याधींच्या प्रकरणात ‘हनुग्रह’ येतो, म्हणजे जबडा धरणे. त्याची कारणे दिली आहेत ती अशी: जीभ फार खरवडणे, कोरडे-कठीण चावणे आणि मार लागणे. यातली शेवटची दोन आजचे डॉक्टरही सांगतात. आमवाताचे प्रकरण स्वतंत्र आहे. हात, पाय, डोके, घोटे, कंबरेचा खालचा भाग, गुडघे, मांड्या इथले सांधे तो सुजवतो, असे तिथे म्हटले आहे. त्या यादीत जबडा नाही. सांधाही माहीत आणि आजारही माहीत; पण दोघांची गाठ त्या पानांवर पडत नाही.

हे जुन्या ग्रंथांचेच आहे असे समजू नका. संधिवाताचा रुग्ण तपासताना आजचे तज्ज्ञ किती सांधे सुजले आहेत ते मोजतात आणि त्यावरून औषध वाढवायचे की कमी करायचे ते ठरवतात. रोजच्या वापरातली मोजणी २८ सांध्यांची असते: दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस. जबड्याचे दोन सांधे त्यात नाहीत. मोठ्या, ६८ सांध्यांच्या मोजणीत ते आहेत. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती पूर्ण करायला वेळ कुठला? म्हणून रुग्णाने स्वतः सांगितले नाही, तर या सांध्याची चौकशी राहून जाण्याचीच शक्यता जास्त.

एका जुवाचे दोन बैल

कानाच्या भोकापुढे जी छोटी कुर्ची असते, तिच्या लगेच पुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटांखाली काहीतरी आधी फिरते आणि मग पुढे सरकते. तोच हा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे दोन्ही टोकांचे गोल माथे कवटीच्या खोलगट खाचांत बसलेले असतात. माथा आणि खाच यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते.

गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडतो. हा सांधा दोन कामे करतो. तोंड उघडताना सुरुवातीचे दोन-अडीच सेंटिमीटर माथा जागच्या जागी फिरतो. त्याहून जास्त उघडायचे तर तो चकतीसह खाचेतून पुढे उतारावर सरकतो. तोंड मिटले की मागे येतो. बोलताना, गिळताना, चावताना, जांभई देताना हे दिवसभर चालू असते.

दुसरे वैशिष्ट्य असे की हाड एकच आणि सांधे दोन. जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी ही रचना आहे. एक बैल अडला की जू तिरपे होते. तसा एका बाजूचा सांधा आखडला की तोंड उघडताना हनुवटी त्या दुखऱ्या बाजूला वळते. आरशात पाहून हे कुणालाही तपासता येते. दुसरी सोपी तपासणी बोटांची: आपलीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी तोंडात जातात का? निरोगी प्रौढाचे तोंड साधारण चार सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे जास्त उघडते. साडेतीनच्या खाली आले तर ते कमी झाले असे मानतात. महिन्यातून एकदा हे पाहून कॅलेंडरवर टिपून ठेवले, तर डॉक्टरांना त्या नोंदीचा फार उपयोग होतो.

दुखणे शेजारी का जाते

या सांध्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस आणि कानापुढच्या त्वचेची, कानाच्या नळीच्या काही भागाची नस एकच आहे. खालच्या दातांची नसही त्याच मोठ्या शिरेची दुसरी फांदी. एका फिडरवर तीन घरे असली की फॉल्ट कुठल्या घरात आहे ते डेपीवरून कळत नाही. तसे मेंदूला दुखण्याचे घर चुकते. त्यात चावण्याचे स्नायू सांध्याला जपण्यासाठी ताठ होतात आणि तेही दुखू लागतात. मग गाल, कानशील, मानेपर्यंत कळ पसरते.

आमच्या नात्यातल्या एका मावशींना हाताच्या बोटांचा संधिवात आठ-नऊ वर्षांचा. पुढे उजवीकडे चावताना दुखू लागले. कान तपासला, त्यात काही निघाले नाही. मग दाढ काढली. दुखणे थांबले नाही म्हणून तिच्या शेजारची काढली. दोन्ही दाढा गेल्या आणि दुखणे होते तसेच राहिले. सकाळी तोंड उघडायला अर्धा-पाऊण तास लागतो, हे त्या सुनेला रोज सांगत. डॉक्टरांना त्यांनी ते कधी सांगितले नव्हते. ‘अहो, तोंड आखडलंय हे काय दाखवायचं त्यांना? हात आखडतात तसंच ते,’ असे त्या मला म्हणाल्या. रोगाचे निदान त्यांच्या त्या एका वाक्यात होते. फक्त ते योग्य ठिकाणी पोचले नव्हते.

दात आणि सांधा यांची ही गल्लत वैद्यकाच्या इतिहासातही आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला. त्यामुळे या सांध्याकडे लक्ष गेले हे खरे. पण सारे मूळ दातांच्या बिघडलेल्या चाव्यात आहे, असा समज त्यातून पुढे कित्येक दशके रुजला. निरोगी दात घासून बसवणे, चावा बदलणे असे उपचार त्या समजातून झाले. घासलेला दात परत वाढत नाही.

दोन संधिवात, दोन स्वभाव

आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो, पण या सांध्यात मुख्यतः दोन वेगळे आजार येतात आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

पहिला झिजेचा. वय, जुना मार, रात्री दात खाण्याची सवय, चकती जागेवरून सरकणे यांतून सांध्यावरचा गुळगुळीत थर विरतो, खालचे हाड खडबडीत होते. बहुधा एकाच बाजूला होतो. तोंड उघडताना वाळूत पाय पडल्यासारखी करकर ऐकू येते. सकाळी थोडा वेळ आखडल्यासारखे वाटते. पण दुखणे वापराने वाढते, म्हणजे जेवणानंतर, खूप बोलल्यावर, संध्याकाळी. दिलासा असा की बहुतेकांत काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत दुखणे आपोआप बरेच शमते. करकर राहते, कळ जाते. नुसती करकर असेल आणि दुखत नसेल, तर तिला उपचार लागत नाहीत.

दुसरा दाहाचा, म्हणजे आमवात किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजून जाड होते आणि हाड कुरतडू लागते. हा बहुधा दोन्ही बाजूंना येतो. हाताची बोटे, मनगटे आधी धरलेली असतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकतो. आमवात झालेल्यांपैकी अनेकांच्या जबड्यात कधी ना कधी तो उतरतो. पण हातापायांच्या वेदनेपुढे तो मागे पडतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर हाडाचे माथे झिजून जबड्याची मागची उंची कमी होते. मग दाढा आधी टेकतात आणि पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. हनुवटी मागे जाते. पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येईनासा झाला, तर ते दातांचे नव्हे, सांध्याचे लक्षण असू शकते. सोरायसिसबरोबरचा संधिवात आणि पाठीचा कणा ताठ करणारा संधिवात, हेही कधी कधी या सांध्यात येतात.

हे प्रमाणाने किती? आपल्याकडच्या खेड्यांबद्दल विश्वासाने बोलता येते ते पुणे जिल्ह्यातल्या भिगवणच्या कामामुळे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यक्रमाखाली तिथे घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. शंभर प्रौढांत अठराच्या आसपास जणांना असे काही ना काही दुखणे निघाले. आमवात मात्र दर दोनशे प्रौढांत साधारण एकाला. दोनशेत एक हे ऐकायला थोडे वाटते. पण त्याच हिशेबाने दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास जण होतात, आणि आमवात पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पटींनी जास्त आढळतो. पहूरसारख्या बाजारपेठेच्या गावात, पेठ आणि कसबे मिळून, अशी माणसे प्रत्येक आळीत असणार. त्यांतल्या कितीजणींनी आपल्या तोंडाविषयी कुणाला सांगितले असेल?

तोंड न उघडण्याची दुसरी कारणे

खान्देशात, आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रात, ‘तोंड उघडत नाही’ या वाक्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आधी तपासायलाच हवा. सुपारी, गुटखा, मावा यांमुळे गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ होते, तिच्यात दोऱ्यांसारखे पट्टे येतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचे वर्णन भारतात प्रसिद्ध केले. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी टपरीवरून तो हद्दपार झाला, असे कुणी म्हणणार नाही.

दोघांतला फरक ओळखता येतो. सुपारीच्या आजारात आधी तिखट लागले की तोंड झोंबते, गालाच्या आत बोट फिरवले तर चामड्यासारखे ताठ लागते; कानापुढे दाबल्यास दुखत नाही. सांध्याच्या आजारात गाल मऊ असतात आणि कानापुढे दाबले की कळ येते. सुपारीच्या आजारात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून ‘वात आहे, शेकले की जाईल’ असे म्हणून तो कधीही अंगावर काढू नये. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

आणखी काही दुखणी जबड्याचे सोंग घेऊन येतात आणि त्यांत तास मोलाचे असतात. चालताना, जिना चढताना जबड्यात कळ येऊन घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचे असू शकते. जखमेनंतर काही दिवसांत दातखीळ बसून मान-पाठ ताठ होत असेल, तर धनुर्वात. पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने डोकेदुखी, चार घास चावताच जबडा थकणे आणि दिसायला अंधूक होणे, हे एका रोहिणीच्या दाहाचे लक्षण आहे. तो आपल्याकडे विरळा, पण उशीर झाला तर दृष्टी जाते. ही तीन दुखणी असतील तर घरी शेकत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. गालावर वीज चमकावी तशी क्षणाची तीव्र कळ पुन्हा पुन्हा येणे हे मात्र नसेचे दुखणे. त्याची औषधे वेगळी.

उपचार: साधे आधी

सांध्याचा संधिवात ठरवताना डॉक्टर आधी बोटांनी तपासतात. साध्या एक्स-रेत हाडाची झीज दिसते, पण ती उशिरा दिसते. सुरुवातीचा दाह एमआरआयमध्ये कळतो. आमवातासाठी रक्ताच्या तपासण्या असतात. त्या निर्दोष आल्या म्हणजे आजार नाहीच, असे नसते.

आमवात असेल तर जबड्याचा पहिला उपचार जबड्यावर नसतो, तो मूळ आजारावर असतो. मेथोट्रेक्सेट हे त्यातले मुख्य औषध. ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने ते रोज घेतले गेले तर जीवावर बेतते. घरात ज्याच्या हातात औषधांचा डबा आहे, त्याने डब्यावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. या औषधावर असताना रक्त तपासत राहावे लागते आणि गरोदरपणात ते चालत नाही. बाजारात ‘एका पुडीत सांधे मोकळे’ म्हणून जे मिळते त्यात स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आराम लगेच मिळतो. हाडे, साखर आणि रक्तदाब यांची किंमत नंतर मोजावी लागते. दुखणे कमी करणाऱ्या साध्या गोळ्याही महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतल्या, तर पोट आणि मूत्रपिंड दुखावतात.

जबड्यापुरते जे करायचे ते स्वस्त आहे, आणि बहुतेकांना तेच पुरते.

विश्रांती म्हणजे तोंड बांधून ठेवणे नव्हे. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. काम करताना, गाडी चालवताना, राग गिळताना आपण दात आवळतो. दिवसातून पाच-सात वेळा आठवणीने ते सुटे करावेत. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावावी. आडवे पडून तळहातावर हनुवटी टेकवू नये.

शेक ओला द्यावा: कोमट पाण्यात पिळलेला पंचा पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. सांधा नव्याने सुजून गरम लागत असेल, तर काही दिवस थंड बरा. शेक झाल्यावर व्यायाम. जिभेचे टोक टाळूला लावून, ती न सोडता, सावकाश तोंड उघडायचे आणि मिटायचे. सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. जीभ टाळूला असली की जबडा फक्त फिरतो, पुढे सरकत नाही, म्हणून सांध्यावर ताण येत नाही. कळ आली की तिथे थांबायचे. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलने या सांध्याच्या जुनाट दुखण्यांच्या उपचारांचा आढावा घेऊन शिफारशी प्रसिद्ध केल्या. देखरेखीखालचे व्यायाम, हाताने सांधा सैल करणे, वेदनेशी जुळवून घेण्याचे समुपदेशन यांना त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. चावा कायमचा बदलणाऱ्या साधनांना आणि चकती काढून टाकण्याला तितक्याच ठामपणे नकार दिला. दातांवर बसवायची काढघाल होणारी पट्टी आणि सांध्यातली इंजेक्शने यांबाबतही तो गट फार उत्साही नाही. दाहाच्या संधिवातात तज्ज्ञ त्यांचा उपयोग विचारपूर्वक करतात. सुईने सांधा धुऊन काढण्याची पद्धत १९९१ पासून वापरात आहे; साध्या उपायांनी भागले नाही तर ती पुढची पायरी.

शस्त्रक्रिया अगदी शेवटी. या सांध्याच्या चकतीवरची शस्त्रक्रिया एडिंबरोच्या थॉमस अनांडेल यांनी १८८७ मध्येच नोंदवली होती. पण घाई किती महाग पडते ते त्यानंतर शंभर वर्षांनी दिसले. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचा थर असलेल्या कृत्रिम चकत्या हजारो रुग्णांच्या जबड्यांत बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, त्या कणांनी भोवतालचे हाड खाल्ले आणि १९९० च्या सुमारास त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. आज संपूर्ण कृत्रिम सांधा बसवता येतो आणि जबडा जुळून बसलेल्या रुग्णाला त्याने पुन्हा जेवता येते. तो मोठ्या शहरातल्या अनुभवी मुख-शल्यचिकित्सकाकडेच व्हावा. सल्ल्यासाठी आपल्याला जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय.

दातांकडे दुर्लक्ष मात्र करू नये. तोंड कमी उघडते म्हणून मागच्या दाढा घासल्या जात नाहीत, त्या किडतात, आणि दोन दुखणी एकत्र येतात. लहान मुलांचा ब्रश वापरावा. दंतवैद्याला आधीच सांगावे की मला जबड्याचा संधिवात आहे, थोडे थोडे काम करा, मधे तोंड मिटू द्या. दुसऱ्या कुठल्याही कारणाने भूल घ्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला हे सांगणे त्याहून महत्त्वाचे; घशात नळी घालताना न उघडणारे तोंड आणि संधिवाताने धरलेली मान, दोन्ही अडचणीचे असतात.

ताटातले

‘मऊ खा’ असे सांगितले की आपल्याकडे चहा-बिस्किटावर दिवस निघतात आणि माणूस महिन्यात वाळतो. खान्देशच्या स्वयंपाकघरात मऊ आणि पोटभरीचे कमी नाही. वांग्याचे भरीत चावावे लागतच नाही. त्यातले शेंगदाणे तेवढे कुटून घालावेत. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा कठीण, पण तीच गरम वरणात किंवा दुधात कुस्करली की मऊ होते, आणि उडीद असल्याने तिच्यात ताकदही असते. ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, पिठले, कढीत भिजलेले फुणके, अंड्याची भुर्जी, ताक. आणि केळ्याच्या जिल्ह्यात केळे मुद्दाम सांगायला हवे का?

टाळायचे तेही ओळखीचेच: बट्टीची कडक कड, न मोडता चावलेले बिबडे, भाजलेले हरभरे, दाताने सोललेला ऊस, दाताने फोडलेल्या शेंगा, आणि जेवणानंतरची सुपारी. घास लहान करावा, दोन्ही बाजूंनी चावावा. दुखणे उतरले की हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे परत यावे. वर्षभर पातळच खात राहिले तर स्नायू दुबळे होतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक सांगावेसे वाटते. घरात सर्वांत शेवटी जेवणारीला किती वेळ लागला, तिने अर्धी भाकरी ठेवली का, हे कुणी पाहत नाही. तोंड दुखते म्हणून कमी खाणे आणि भूक नाही म्हणून कमी खाणे, बाहेरून सारखेच दिसते. घरच्यांनी तेवढे विचारले तरी निदान निम्म्यावर येते.

बाकीचे निम्मे डॉक्टरांसमोर व्हायचे असते. तिथे सांगायची वाक्ये चार आहेत. दुखते ते कानाच्या पुढे, तोंड उघडताना आणि चावताना. सकाळी अमुक इतकी मिनिटे आखडलेले असते. तोंडात तीन बोटे जात होती, आता दोनच जातात. हाताचे किंवा दुसरे सांधेही धरतात, किंवा धरत नाहीत. ‘हनुसंधी’ म्हणा, ‘कानापुढचा सांधा’ म्हणा. कुठल्याही नावाने पण सांधा म्हणा. दाढ उपटण्याची चिमटी उचलण्यापूर्वी समोरच्याला एकदा तिथे बोट ठेवून पाहावेसे वाटेल, इतके काम तो एक शब्द करतो.